‘ऐन फोटोच्या वेळी सगळे जेवायला गेले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. मामा-मामींचा नवरा-नवरीबरोबर स्टेजवरचा फोटो राहिला, हे खरं आहे. त्याबद्दल आमच्या फोटो स्टुडिओच्या वतीने तुमची, तुमच्या आईंची आणि मामांची माफी मागतो. ज्या मामांनी नवरीला मांडवात आणलं, त्यांचाच जोडीने फोटो नाही म्हटल्यावर वाईट वाटणारच.

पण त्यापुढे तुम्ही जे लिहिलंय, ते तसंच राहू देणं मला जमणार नाही. ‘ऐन फोटोच्या वेळी यांची सगळी टीम अर्धा तास जेवायला गायब. स्टेजवर कोणीच नाही. यांना फोटोपेक्षा जेवण महत्त्वाचं.’ येत्या सीझनला ज्या घरात लग्न आहे, ती घरं हे वाचणार. आमच्या धंद्यात एका लग्नातून दुसरं लग्न मिळतं, दुसरी जाहिरात आम्हाला परवडत नाही. म्हणून त्या दिवशी काय झालं ते वेळेनिशी सांगतो.

सकाळी साडेसहाला आमची पोरं तुमच्या दारात होती, कारण हळद घरी होती. तुमच्या आईंनी आल्या आल्या सगळ्यांना चहा-पोहे दिले, ते मी विसरलेलो नाही. दहाला कार्यालयात पोचलो. मुहूर्त १२.३२ चा होता. नवरदेवाचं श्रीवंदन, म्हणजे लग्नाआधीचं देवदर्शन झालं, मग बेंजो, हलगी, मित्रांचा नाच, आणि अक्षता पडल्या १.१४ ला. यात कुणाला दोष देत नाही, आपल्याकडे वरात नाचल्याशिवाय आत येत नाही आणि त्या नाचाचे फोटो तुम्हाला आवडलेत असं तुम्हीच नंतर फोनवर सांगितलं होतं. पण तिथून पुढचं सगळं पाऊण तासाने सरकलं. अक्षता पडल्या की वऱ्हाड पंगतीला जातं आणि आमचं खरं काम सुरू होतं. कन्यादान, सप्तपदी, कानपिळी, मग साडी बदलून नवरी स्टेजवर, मग आहेर घेऊन आलेल्यांची रांग. सकाळच्या चहा-पोह्यांनंतर चार वाजेपर्यंत आमच्यातल्या एकानेही पाण्याशिवाय पोटात काही घातलं नव्हतं. गिंबल, म्हणजे व्हिडिओ हलू नये म्हणून कॅमेरा बसवायचा दांडा, धरणारा पोरगा दिवसभर तीन-साडेतीन किलोचं वजन हात पुढे करून सांभाळतो. त्याच्या मनगटाला पट्टी बांधलेली होती. तुमच्या हायलाइट व्हिडिओत नवरी तयार होतानाचा आरशाचा शॉट आहे, त्यात कोपऱ्यात ती पट्टी दिसते.

चारला केटररचा माणूस येऊन सांगून गेला, की आता बसा, नाहीतर पातेली गाडीत चढतायत. तेव्हा मी पोरांना दोघं-दोघं करून पाठवलं. भात आणि आमटी उरली होती, तेवढ्यावर त्यांनी भागवलं आणि हात धुऊन लगेच परत आली. या सगळ्या वेळात स्टेजवर मी स्वतः कॅमेरा घेऊन उभा होतो. मी जेवलो नाही.

हे फक्त माझ्या तोंडचं नाही. डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तारीख आणि वेळ नोंदवून ठेवतो. लग्नाच्या सकाळी आम्ही सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवून घेतो, कारण ती चुकली तर अल्बम लावताना एका कॅमेऱ्यातली सप्तपदी दुसऱ्या कॅमेऱ्यातल्या अंतरपाटाच्या आधी येऊन बसते. तुम्हाला दिलेल्या पेनड्राइव्हमध्ये ‘स्टेज’ नावाचं फोल्डर आहे. त्यात ४.०५ ते ४.३५ मधले फोटो उघडा आणि त्यांची माहिती बघा. नवऱ्यामुलाच्या ऑफिसची मंडळी, त्याचे तालमीतले मित्र, शेजारच्या काकू आणि त्यांच्या कडेवरचं रडणारं बाळ, सगळे त्याच अर्ध्या तासातले आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत ही वेळ दिसणार नाही, तिथे ती माहिती निघून जाते. पेनड्राइव्हमधलेच बघा. स्टेजवर कोणीच नव्हतं, तर हे फोटो काढले कुणी?

मग मामांचा फोटो राहिला कसा? मामा त्या वेळी खाली वऱ्हाडाची बस लावून देत होते. मामी आत मानपानाच्या साड्यांच्या हिशोबात होत्या. मी निवेदकाला नावं पुकारायला सांगितलं होतं. तोवर विहिणी आल्या, मग त्यांच्या माहेरची माणसं आली आणि पाचला पाठवणीची घाई सुरू झाली. आम्ही लग्नाच्या आधी प्रत्येक घराला ग्रुप फोटोंची यादी मागतो, आणि नातेवाईक ओळखून पुढे आणायला घरातलं एक माणूस द्या म्हणतो. तुमच्याकडून ‘तिथं सांगतो’ असं उत्तर आलं. लग्नघरात ऐनवेळी कुणाला सवड नसते, हे मला कळतं. पण मामांना मी सकाळपासून ओळखत होतो, मामींना मात्र त्या दिवसापूर्वी पाहिलंही नव्हतं. चारशे माणसांत त्यांना शोधून आणणं घरच्या माणसाशिवाय कसं होणार?

आणि ‘यांना जेवण महत्त्वाचं’ हे वाक्य. ताई, ते मला लागलं त्यापेक्षा पोरांना जास्त लागलंय. रिव्ह्यू त्यांनीच आधी वाचला आणि मला दाखवला. बाहेरून येणाऱ्या टीमच्या करारात जेवणाची वेळ लिहिलेली असते, काही जण तर वेगळं टेबल मागतात. आम्ही गावातले, लग्नघरात कुणी मागून खात नाही, म्हणून आजवर ते कधी लिहून घेतलं नाही. आता घेणार आहोत. यादीचं आणि वेळेचंही पुढच्या सीझनपासून काहीतरी पक्कं करतोय, तेवढं सांगून ठेवतो.

बाकीच्या मुद्द्यांवर थोडक्यात. अल्बम साडेचार महिन्यांनी मिळाला, बरोबर आहे. फोटो निवडायची लिंक तुम्हाला मे संपायच्या आत दिली होती, तुमची निवड गणपती बसल्यावर आली. तिथून डिझाइन, तुमच्याकडून दुरुस्त्या, छपाई आणि बाइंडिंग महिन्याभरात उरकलं. ड्रोन उडवला नाही, कारण तुमचं कार्यालय उजळाईवाडीच्या, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळाजवळ आहे आणि तिथे परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. बुकिंगच्याच दिवशी हे सांगून ड्रोनचे पैसे आम्ही धरलेच नव्हते.

राहिले पैसे. ‘८५ हजार घेतले, पुण्याची टीम ६० हजारांत करत होती’ असं तुम्ही लिहिलंय. ते ६० हजारांचं कोटेशन एकदा काढून बघा. त्यात दोन्ही घरचे अल्बम होते का? पुण्याहून इथवर सव्वादोनशे किलोमीटर येण्या-जाण्याचं भाडं, मुक्काम आणि १८ टक्के जीएसटी धरला होता का? आमच्या ८५ मध्ये आदल्या संध्याकाळचं सीमांतपूजन, दुसरा अख्खा दिवस, पाच माणसं, दोन अल्बम आणि मिक्सिंग करून दिलेला पूर्ण व्हिडिओ होता. त्यातून पोरांची रोजची मजुरी जाते, अल्बमची छपाई-बाइंडिंग जाते, कॅमेऱ्याचा हप्ता जातो. चांगली कॅमेरा बॉडी एकच घ्यायची म्हटली तरी दीड-दोन लाखांच्या घरात जाते, लेन्स वेगळी. आणि आमचं वर्ष बारा महिन्यांचं नसतं. आषाढी एकादशीनंतर तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्तच नसतात. २०२४ ला तर ऐन मे-जूनमध्ये गुरू-शुक्राच्या अस्तामुळे मुहूर्त जेमतेम होते. तेव्हाही ही पोरं कामावर ठेवली, कारण सीझन सुरू झाल्यावर तयार हात मिळत नाहीत.

तुमच्या रिव्ह्यूची शेवटची ओळ अशी आहे: ‘लोकलला सपोर्ट म्हणून यांना काम दिलं, चूक झाली. काम द्यायचं तर बाहेरच्यालाच.’

त्यातलं पहिलं वाक्य आमच्याबद्दल आहे, ते मी ऐकून घेतो. दुसरं मात्र आमच्या एकट्याबद्दल राहत नाही. तुमच्या लग्नात फेटे बांधणारे काका, सनईवाले, मेंदी काढायला आलेली मुलगी, हार करून देणारी बाई, सगळी इथलीच माणसं. त्यांतल्या दोघांचे नंबर आम्हीच तुम्हाला दिले होते, आणि त्यात आमचं कसलंही कमिशन नव्हतं. त्यांच्या कामाबद्दल तुमची तक्रार नाही. मग त्या एका ओळीत त्यांनाही का ओढलंत?

बाहेरच्या टीमशी माझं भांडण नाही. पुण्या-मुंबईचे कितीतरी जण उत्तम काम करतात, त्यांचे फोटो बघून आम्हीही शिकतो. पण लग्न झाल्यावर पुढची वीस वर्षं त्या फोटोंचं काय होतं, तेही बघावं लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरलं, तेव्हा प्रयाग चिखली, आंबेवाडी आणि शहरातल्या सखल गल्ल्यांमधली माणसं पाणी ओसरल्यावर भिजलेले अल्बम पोत्यात घालून आमच्या दारात आली होती. पानाला पान चिकटलेलं, चिखल आतपर्यंत गेलेला, ओढलं की चेहऱ्याचा रंग समोरच्या पानावर जायचा. ज्यांचे फोटो आमच्या हार्डडिस्कमध्ये होते, त्यांना फक्त छपाईच्या खर्चात नवा अल्बम करून दिला. ज्यांचं लग्न दुसऱ्या कुणी शूट केलं होतं, त्यांची पानं सुटी करून, वाळवून, त्यातून जेवढं स्कॅन होईल तेवढं करून दिलं. त्यात एका आजींच्या मिस्टरांचा दुसरा कुठलाच फोटो उरला नव्हता. अशा वेळी चालत येऊन दार वाजवता येईल असा फोटोग्राफर गावात असावा लागतो.

आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये सरकारने लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी ठेवली होती, तेव्हा बुक झालेली कामं एका आठवड्यात गेली. काही घरांनी तरी आम्हाला बोलावलं, म्हणाले, कमी माणसांत का होईना, फोटो तुम्हीच काढा. त्या घरांमुळे हे दुकान आज उघडं आहे. ‘लोकलला सपोर्ट’ हे शब्द म्हणून मी जपून वापरतो. दुकानात त्याची पाटी लावलेली नाही.

हे कोल्हापूर आहे, ताई. इथे मूकपटांच्या काळातल्या बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा देशी कॅमेरा तयार केला, आणि शहरातल्या खरी कॉर्नर चौकात त्या कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे. त्याच्यासमोरून आम्ही रोज जातो. या गावात कॅमेरा धरून ‘जेवण महत्त्वाचं’ असं ऐकून घेणं जड जातं.

तुमचे स्टार बदला असं मी म्हणणार नाही, तो तुमचा हक्क आहे. फक्त पेनड्राइव्हमधल्या वेळा बघून झाल्या, की ‘स्टेजवर कोणीच नव्हतं’ एवढं वाक्य तेवढं काढा. आणि त्या शेवटच्या ओळीचा एकदा विचार करा.

मामा-मामींचं असं करू. नवरा-नवरी माहेरपणाला येतील तेव्हा आम्ही घरी येतो. लग्नातल्याच साड्या आणि फेटे असतील तर उत्तम, फेटेवाल्या काकांना मी सांगतो, ते येतील. चौघांचा फोटो काढून अल्बमला एक शीट वाढवून, बाइंडिंग नवीन करून देतो. त्याचे पैसे घेणार नाही. शीट वाढवायला अल्बम आठवडाभर आमच्याकडे लागेल. मामा बाहेरगावी असतात असं कळलं. ते कधी येणार तेवढं आईंना विचारून बिलावरच्या नंबरवर कळवा. मुहूर्ताचे दिवस सोडून कधीही चालेल, सकाळी दहाच्या आत उजेड चांगला असतो.