भात कच्चा मोजता की शिजलेला?

काकूनं आज माझ्याकडे जेवताना पर्समधून चक्क वजनकाटा काढला! गोळाभात होता, म्हणजे डाळीचे गोळे घालून केलेला भात. तिनं गोळे बाजूला सारले, भात तोलला, मोबाइलमध्ये आकडा टाकला आणि निम्मा भात परत पातेल्यात.

"अवं, एवढ्याशा भातात पाचशेच्या वर क्यालरी होते. जिमच्या पोट्ट्यानं लावून देल्लं हे."

मोबाइल घेतला. भात १५० ग्रॅम. आणि यादीतून निवडलं काय, तर कच्चा तांदूळ! १०० ग्रॅमला ३५६, म्हणजे झाले ५३४. अरे बाप्पा, तांदूळ शिजताना पाणी पितो, वजन अडीच-तीन पट होतं, अन् पाण्यात कॅलरी नसते. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात जेमतेम १३०. तिच्या ताटात दोनशेही नव्हत्या! परवा नागपुरात बर्डीच्या बाजारात चक्कर येऊन दुकानाच्या पायरीवर बसली होती, काहून ते आता कळलं. ज्या मुलखात दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्यानं एचएमटी हे धानाचं नवं वाण शोधून काढलं, तिथली बाई भाताला भिऊन उपाशी राहते म्हणजे काय!

पास्त्याचंही तेच. पुड्यावरचे साडेतीनशे कोरड्याचे. उकडल्यावर तेवढ्याच वजनात दीडशेच्या आसपास.

शुगरवाल्यांनी भात जपून खावा, हे मान्य. शिजलेल्याचा आकडा पक्का नसतो, तेही मान्य. माझा भात मोकळा, सासूबाईंचा आसट. म्हणून तर म्हणते, तांदूळ कच्चाच तोला. ३०० ग्रॅम घेतले तर साधारण १०७०. भात झाल्यावर सगळा तोला, समजा ८५० भरला. त्यातला १५० तुमचा, म्हणजे १९० च्या आतबाहेर. पाचवीतलं त्रैराशिक आहे हो हे. फी घेणाऱ्याला एवढं येऊ नये?

आणि गंमत ऐका. भात परत टाकून काकूनं गोळे कुस्करले अन् त्यावर फोडणीचं तेल घेतलं, चांगलं दोन मोठे चमचे. एका चमच्याला १२० धरा. म्हटलं, हे? तर म्हणते, "तेल त्यानं कुठं लिहिलं?"

हसू आलं, मग पोटात तुटलं. सत्तरीला टेकलेली बाई, कुणी सांगितलं ते मुकाट्यानं करते. तो पोट्टाही वाईट नसेल, त्यालाही कुणी शिकवलं नसेल. पण उद्या तिचा चार्ट घेऊन मी जिममध्ये जाणार आहे. ओळखीचा असेल कुणाच्या, तर आधीच सांगून ठेवा त्याला.