बाबांचा पेपर

बाबांना सकाळी पेपर लागतो. एकवेळ चहा नसला तरी चालेल असं ते म्हणतात, पण आईच्या राज्यात ते खरं करून दाखवायची पाळी त्यांच्यावर कधी आलेली नाही. सांगलीत घरी दोन पेपर येतात. अग्रलेखापासून निविदा सूचनांपर्यंत सगळं वाचून होतं आणि वाचता वाचता लाल बॉलपेननं शुद्धलेखनाच्या चुकांना गोल होतात. इंग्रजी शिकवणारे मुख्याध्यापक होते. शाळा सुटली, वह्या सुटल्या, लाल पेन काही सुटलं नाही.

2024 च्या मे महिन्यात लोकसभेचं मतदान उरकून, बोटावरची शाई मिरवत, ते आणि आई आमच्याकडे इंग्लंडला, रेडिंगला आले. कढीपत्ता कुठं मिळतो, गरम पाण्याचा नळ वेगळा आणि गारचा वेगळा का, शेजाऱ्यांकडे न कळवता का जायचं नाही, असले सगळे प्रश्न पहिल्या आठवड्यातच निकालात निघाले. पेपर मात्र उरला.

"बाबा, फोनवर सगळे मराठी पेपर येतात."

"फोनची घडी घालता येते का?"

येते, पण तसल्या फोनची किंमत त्यांना सांगायची माझी छाती नव्हती.

पहिला प्रयोग मी फुकटात केला. इथं स्टेशनांवर मेट्रो नावाचा पेपर 1999 पासून फुकट मिळतो. लोक तो गाडीत वाचतात आणि सीटवर टाकून जातात. मी संध्याकाळी येताना एक घेऊन आलो. बाबांनी तो दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला.

"अग्रलेख कुठंय?"

"यात नसतो. हा पेपर कुणाची बाजू घेत नाही."

"मग संपादकाला पगार कशाबद्दल देतात?"

शनिवारी त्यांना घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दुकान एका गुजराती शेठचं. दाराशीच पेपरांचं स्टँड. खालच्या फळीवर मोठाल्या अक्षरांचे आणि लाल पट्ट्यांचे, वर गंभीर चेहऱ्यांचे, आणि अगदी कडेला गुलाबी कागदाचा फायनान्शियल टाइम्स. तो 1893 पासून गुलाबीच आहे. काही पेपरांच्या कोपऱ्यात शेठनं पेन्सिलीनं घरांचे नंबर टाकले होते. ते सकाळी सायकलवरून पेपर टाकणाऱ्या पोरासाठी. बाबांनी ते नंबर बघितले आणि त्यांना एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

"चांगला पेपर कोणता?" त्यांनी विचारलं.

शेठ माझ्याकडे बघून हसला. "मास्टरजी, पहले ये बताओ, आप कौन सी पार्टी के?"

नवख्या माणसाला वाटतं, इथं आपण पेपर विकत घेतो. प्रत्यक्षात तो आडनाव विकत घेत असतो. आपल्याकडे माणूस भेटला की आडनाव विचारतात, मग गाव, मग अमुक तुमचे कोण, आणि तेवढ्यात पुढचं सगळं ताडून होतं. इथं स्मिथ आणि जोन्सवरून काही थांगपत्ता लागत नाही, म्हणून लोक काखेतला पेपर बघतात. टेलिग्राफ असेल तर हुजूर पक्ष, कसोटी क्रिकेट आणि करांबद्दल नाराजी. गार्डियन असेल तर मजूर पक्ष किंवा त्याच्याही डावीकडे, सायकल, आणि छोल्यांपासून काय काय करता येतं याबद्दलचा उत्साह. मेल असेल तर घरांच्या किमती आणि देश बुडाल्याची रोजची खात्री. मिरर म्हणजे पिढीजात मजूर. एक्स्प्रेस म्हणजे पेन्शन आणि हवामान. पारा 27 वर गेला की त्याच्या पहिल्या पानाला घाम फुटतो. हे वाचून सांगलीचा माणूस स्वेटरची वरची गुंडी लावतो.

बाबा म्हणाले, "मला निःपक्षपाती पाहिजे."

"टाइम्स घ्या मग," मी म्हटलं. "1785 पासून निघतोय."

"टाइम्स घरात येणार नाही."

कारण व्हॅलेंटाइन चिरोल. टाइम्सच्या परराष्ट्र विभागाचा हा प्रमुख. त्यानं 1910 साली हिंदुस्थानातल्या असंतोषावर लेखमाला लिहिली, तिचं पुस्तक झालं, त्यात लोकमान्यांना असंतोषाचं जनक ठरवलं, आणि लोकमान्य 1918 साली लंडनला येऊन त्याच्यावर बदनामीचा खटला लढले. 1919 मध्ये खटला हरले, खर्चात बुडाले. "बाबा, शंभर वर्षं होऊन गेली." "निकाल बदलला का?" शेठला यातलं काही कळलं नाही, पण गिऱ्हाईक तत्त्वाचं आहे एवढं कळलं. त्यानं टेलिग्राफ काढून दिला. मोठ्या पानाचे पेपर आता इथं फारसे उरलेले नाहीत. बाबांनी हात पूर्ण फाकून तो उघडला, कागदाचा वास घेतला, आणि मग किमतीला तेव्हाच्या भावानं गुणलं. तीन पौंडांच्या वर. "एवढ्यात सांगलीत महिनाभर पेपर येतो," असं ते घरी येईपर्यंत म्हणत होते. त्यानंतर एकही जाहिरात न वाचता सोडली नाही.

छळाची खरी सुरुवात इथून झाली. बाबा पेपर घरात वाचत नाहीत. ते दारापुढच्या बागेत खुर्ची टाकून, सगळ्या रस्त्याला दिसेल असा वाचतात. समोर एक निवृत्त शिक्षिका राहतात. खिडकीत मजूर पक्षाचा फलक, अंगणात कंपोस्टचे तीन पिंप. त्या रोज हात हलवायच्या. टेलिग्राफच्या तिसऱ्या दिवशी हात अर्धाच वर आला. डावीकडचे विमा कंपनीतले निवृत्त गृहस्थ मात्र, ज्यांनी आमच्या इतक्या वर्षांच्या शेजारात गवताच्या उंचीखेरीज दुसरा विषय काढला नव्हता, ते कुंपणापाशी येऊन बाबांशी तासभर बोलले. टेलिग्राफ 1925 पासून शब्दकोडं छापतो आणि 1944 च्या मे महिन्यात त्याच्या कोड्यांच्या उत्तरांत युटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड असे नॉर्मंडीवरच्या स्वारीचे गुप्त शब्द एकामागून एक आले, हे त्यांनी सांगितलं. हेर खात्याचे लोक कोडं रचणाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहिले. तो निघाला शाळेचा मुख्याध्यापक. बाबा खुर्चीतून उठले. "मुख्याध्यापक?" पुढचे दोन दिवस त्यांना इंग्रज माणसाबद्दल कमालीचा आदर वाटत होता.

बायको म्हणाली, समोरच्या बाई आपल्या मुलीला फुकट वाचन शिकवतात, काहीतरी करा. म्हणून मी सोमवारी गार्डियन आणला. हा 1821 साली मँचेस्टरमध्ये निघालेला पेपर. छपाईच्या चुकांबद्दल त्याची पूर्वापार ख्याती आहे, आणि 1997 पासून तो रोज स्वतःच्या चुकांचं सदर छापतो. बाबांनी ते सदर वाचलं, मग पुन्हा वाचलं, चष्मा काढून पुसला.

"हे रोज देतात? स्वतःहून?"

"रोज."

"आपल्याकडं सुरू केलं तर त्याची वेगळी पुरवणी काढावी लागेल."

समोरचा हात पूर्ण वर आला. डावीकडे गवत पुन्हा वाढायला लागलं. एका सकाळी त्या गृहस्थांनी मला गाडीपाशी गाठून, आवाज खाली आणून विचारलं की, तुमचे वडील नक्की कोणत्या बाजूचे? नुकताच 4 जूनला आमच्याकडचा निकाल लागला होता. मी म्हटलं, "सांगलीचे आहेत. आम्ही अपक्ष निवडून दिलाय." हे उत्तर त्यांना फार खोल वाटलं असावं.

इकडे शेठ आणि बाबांची गट्टी जमली होती. शेठचं कुटुंब कंपालाचं. 1972 साली इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला सांगितला, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेनं तिथल्या एका पेपरात जाहिरात दिली होती की, आमच्याकडची घरं, शाळा, दवाखाने भरलेत, तुमच्याच हितासाठी सांगतो, इकडे येऊ नका. शेठच्या वडिलांना लेस्टर नावाचं गाव पृथ्वीवर आहे हे त्या जाहिरातीनंच कळलं. सहकुटुंब तिथंच गेले. एवढी गोष्ट सांगून शेठनं काउंटरखालून स्वतःचा पेपर काढला. मेल! पहिल्या पानावर बोटींतून येणारी माणसं. शेठ मान हलवत म्हणाला, "मास्टरजी, अब बहुत लोग आ रहे हैं. कहीं तो रोकना पड़ेगा."

बाबा घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. दाराशी चपला काढताना म्हणाले, "म्हणजे ते पेपरात लिहितात ते आपल्याबद्दलच ना रे?"

"हो."

"आणि त्यांना माहीत नाही?"

त्याच सुमारास इथलीही निवडणूक लागली. 22 मे रोजी ऋषी सुनक भर पावसात बिनछत्रीचे उभे राहिले आणि 4 जुलै ही तारीख जाहीर करून भिजून आत गेले. ("नारायण मूर्तींच्या जावयाला छत्री धरायला कुणी नव्हतं?" हा आईचा राजकारणातला एकमेव प्रश्न.) भारतीय पासपोर्ट असूनही, राष्ट्रकुलातले रहिवासी म्हणून, आम्हाला इथं मत आहे हे बाबांना कळलं आणि घराची शिकवणी झाली. कोण कुणाला पाठिंबा देतंय याचा तक्ता फ्रिजवर लागला. टेलिग्राफ आणि मेल हुजूर, गार्डियन आणि मिरर मजूर. टाइम्सनं कुणालाच पाठिंबा दिला नाही. बाबा म्हणाले, मला अपेक्षितच होतं.

घोळ घातला सननं. हा पेपर मुळात कामगार चळवळीच्या डेली हेराल्डच्या पोटी 1964 साली जन्मला. 1969 मध्ये रूपर्ट मरडॉकनं घेतला. मग थॅचरबाईंचा, म्हणजे हुजूर पक्षाचा, भक्त झाला. 1992 साली हुजूर पक्ष जिंकला तेव्हा आम्हीच जिंकून दिलं म्हणून पहिल्या पानावर मिशीला पीळ दिला. 1997 ला ब्लेअरचा, म्हणजे मजूर. 2009 ला परत हुजूर. आणि आता मतदानाच्या आदल्या दिवशी पुन्हा मजूर. पण मी जेव्हा बाबांना सांगितलं की, 2015 साली एकाच दिवशी सनच्या लंडन आवृत्तीनं हुजूर पक्षाच्या कॅमेरन यांना आणि स्कॉटलंडच्या आवृत्तीनं थेट स्कॉटिश राष्ट्रवाद्यांना पाठिंबा दिला होता, तेव्हा ते अजिबात चकित झाले नाहीत.

"थोरला एका पक्षात, धाकटा दुसऱ्या पक्षात, कारखाना घरातच. आमच्याकडं हे साखर निघायला लागल्यापासून चालू आहे."

मेलचं त्यांना जड गेलं. 2016 साली युरोपातून बाहेर पडायचं की नाही या प्रश्नावर रोजचा मेल म्हणे पडा, आणि त्याच घरचा रविवारचा मेल म्हणे राहा. टाइम्समध्येही तेच झालं, फक्त उलटं. संपादक वेगळे असतात, हे मी समजावलं. बाबांना वाचकांची काळजी. "त्या माणसानं शनिवारी रात्री झोपायचं तरी कसं?" शेठला विचारलं तर तो म्हणाला, "रविवारी लोक पुरवण्या बघतात, मत सोमवारपासून असतं." आठवडाभर पेपर विकणाऱ्या माणसाचं म्हणणं मी खोडून काढू शकलो नाही.

मत मी गुप्त ठेवलं. बाबांनी नाराजीनं तेही मान्य केलं, पण 5 जुलैला पहाटे मला उठवून यादी हातात दिली. सगळे पेपर. टाइम्ससुद्धा, "संदर्भासाठी". शेठनं दुकान उघडताना गठ्ठ्याची प्लास्टिकची पट्टी माझ्यासमोर कापली. मजूर पक्षाला मतं 34 टक्क्यांच्या आत आणि जागा 400 च्या वर! बाबांनी टेलिग्राफच्या समासात लाल पेननं भागाकार केला, ताळा केला, आणि तो शेठला, समोरच्या बाईंना आणि डावीकडच्या गृहस्थांना वेगवेगळा समजावून दिला. हा गठ्ठा सांगलीला जाणार, वाचनालयाला भेट, असं जाहीर झालं.

आईचं ब्रिटिश वृत्तपत्रसृष्टीबद्दलचं मत पहिल्या आठवड्यातच पक्कं झालं होतं. टेलिग्राफवर मेथीची अख्खी जुडी निवडून होते. गार्डियन पूर्वी ऐसपैस होता, पण 2005 ला आणि मग 2018 ला आक्रसला, आता त्यात जेमतेम कोथिंबीर मावते. सनची शाई हाताला लागते असं तिचं म्हणणं होतं, पण ते बहुधा त्यातले फोटो बघून झालेलं मत असावं.

ऑक्टोबरात निघायच्या वेळी बॅगा काट्यावर चढल्या. माणशी 23 किलो. तिनं इथल्या धर्मादाय दुकानातून फुलाफुलांचा चहाचा सेट घेतला होता, तो भरायचा होता. बाबांचा गठ्ठा बाहेर राहिला, मग आत गेला, मग पुन्हा बाहेर आला. शेवटी आई म्हणाली, तुम्ही जाऊन झोपा, मी बघते. सकाळी दोन्ही बॅगा वजनात बसल्या होत्या आणि बाहेर काहीच उरलं नव्हतं. बाबा खूश.

सांगलीला पोचल्यावर तासाभरात फोन आला.

"अरे, हिनं काय केलंय माहितेय का? चौदा वर्षांनी सरकार बदललं तो अंक फाडून बशांना गुंडाळलाय! मिरर किटलीत कोंबलाय! आता वाचनालयाला काय देऊ मी?"

मागून आईचा आवाज आला, "एकही फुटली नाही म्हणावं. ते सांगा की त्याला."