सिंक बंद केल्याने ग्राहकांची माहिती पुसली जात नाही

‘ई-मेल आणि सीआरएम यांच्यातील ऑटो सिंक आजच बंद करा, ग्राहकांची माहिती आपोआप पुसली जाईल, कर्मचाऱ्यांना तुमचे मेल दिसणार नाहीत आणि संगणकही वेगाने चालेल,’ असा संदेश जालन्यातील व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतो आहे. सीआरएम म्हणजे ग्राहकांची माहिती आणि मागण्या नोंदवून ठेवणारे सॉफ्टवेअर, आणि ऑटो सिंक म्हणजे मेलच्या प्रती आपोआप त्यात जाण्याची सोय. बियाण्यांची एजन्सी चालवणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने तो खरा मानून ऐन खरिपाच्या बुकिंगमध्ये सिंक बंद केले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

माहिती पुसली जाण्याचा दावा सर्वांत घातक आहे. सिंक बंद केल्यावर नव्या मेलच्या प्रती सीआरएममध्ये जायच्या थांबतात. आधी गेलेल्या प्रती सहसा तिथेच राहतात आणि त्या वेगळ्याने पुसाव्या लागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे कलम ८ स्पष्ट आहे: ग्राहकाने संमती मागे घेतली आणि अन्य कायद्याने माहिती ठेवणे बंधनकारक नसेल, तर ती स्वतः पुसायची आणि ज्या कंपनीकडे प्रक्रियेसाठी सोपवली असेल तिच्याकडूनही पुसून घ्यायची. नुसते बटण बंद करून ‘तुमची माहिती काढून टाकली’ असे ग्राहकाला कळवणारा व्यापारी नकळत खोटे बोलत असतो, आणि या संदेशाने त्याला तिथेच नेऊन सोडले आहे.

धंद्याचे नुकसान वेगळेच. भोकरदनच्या एका विक्रेत्याने सोयाबीनच्या पिशव्या कमी करून कापसाची पाकिटे वाढवायला भावाला मेलने कळवले होते. मेल इनबॉक्समध्ये पडून राहिला, सीआरएममध्ये जुनीच मागणी दिसत राहिली आणि टेम्पो तोच माल भरून निघाला.

कर्मचाऱ्यांना मेल दिसू शकतात, एवढे मात्र मान्य करावे लागेल. पण तो शेअरिंगच्या सेटिंगचा प्रश्न आहे. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स ३६५ या सीआरएममध्ये सगळे मेल नोंदवायचे, फक्त ग्राहक-संपर्कांचे नोंदवायचे की एकही नाही, हे निवडता येते. वेगाचे म्हणाल, तर आउटलुकमधील एखादे जुने ॲड-इन, म्हणजे वरून जोडलेला छोटा प्रोग्राम, संगणक मंद करू शकते. सर्व्हर ते सर्व्हर, म्हणजे मेल आणि सीआरएम यांच्या सर्व्हरमध्ये परस्पर चालणाऱ्या सिंकचा भार तुमच्या संगणकावर पडत नाही.

सीआरएम बदलताना सिंक जरूर बंद करावे. मात्र आधी नोंदी उतरवून घ्याव्यात, जीमेल असेल तर गूगल खात्यातील जोडलेल्या ॲप्सच्या यादीतून जुन्या सीआरएमची परवानगी काढावी आणि मगच जुन्या नोंदी पुसाव्यात.