उकिरड्यावाले पालक

परवा, १ डिसेंबर २०२१ ला, माझी सही वाहून गेली.

करोनामुळे बंद असलेली ग्रामीण भागातली पहिली ते चौथी सुरू होणार, पोरीला घेऊन या, सोबत संमतीपत्र आणा, असा निरोप होता. कापूस वेचणीच्या दिवसांत मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. फाटकावर शिपाईभाऊंनी माझ्या कपाळावर ती तापमानाची बंदूक धरली. आकडा आला ३२. "एवढ्यात तं बेंडूक राह्यते," असं म्हणून त्यांनी पोरीच्या हातावर सॅनिटायझर मारलं, माझ्या हातावर मारलं आणि त्याच झोकात संमतीपत्रावरही मारलं. निळी शाई पसरली. माझं नाव पोरीच्या नावात शिरलं, आणि 'मी माझ्या जबाबदारीवर' या ओळीतली जबाबदारी तर दिसेनाशीच झाली.

"दुसरं आना."

"साध्या कागदावर लिहून देऊ?"

"नाई चालत. छापील पाहिजे."

छापील मिळतो नऊ किलोमीटरवर, झेरॉक्सवाल्याकडे. एसटीचा संप सुरू. माझ्या गाडीत पेट्रोल नाही. मी दोन शब्द सुनावणार, तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या, मास्कच्या वरून माझ्याकडे निरखून पाहिलं आणि सगळ्या आयाबायांसमोर म्हणाल्या, "अय्या, तुम्हीच ते उकिरड्यावाले ना?"

आता याचा खुलासा करणं भाग आहे.

आमच्या गावात मोबाइलला रेंज एकाच जागी येते. देवळावर नाही, टाकीवर नाही, सरपंचाच्या गच्चीवर तर नाहीच. ती येते आबाजींच्या उकिरड्यावर, तेही शेणाच्या बाजूने चढून मधोमध उभं राहून मोबाइल डोक्याच्या वर धरला तर. दोन पट्ट्या. पावसाळ्यात एक. पोरीच्या ऑनलाइन वर्गासाठी दीड वर्ष मी एका हाताने मोबाइल आभाळाकडे धरून आणि दुसऱ्या हाताने पोरीची वही दाबून त्या ढिगावर उभा राहिलो आहे. माझा उजवा खांदा अजून धरतो.

उकिरडा आबाजींचा, म्हणून वर्गही आपलाच, अशी त्यांची समजूत. रोज ते तुराट्यांच्या कुडाला टेकून, तंबाखू मळत बसायचे आणि आमच्याबरोबर तिसरी शिकायचे. माइक बंद करायला मला तिसरा हात नव्हता.

एकदा मॅडमनी विचारलं, "सांगा बरं, गाय आपल्याला काय देते?"

पोरगी तोंड उघडते न उघडते तोच खालून उत्तर गेलं, "काई नाई देत बावा. दोन सालापासून भाकड हाय."

"कोण बोललं?"

"म्या, आबाजी. तुमी कोन्त्या गावच्या?"

मॅडम तेव्हा नव्या. त्यांनी गाव सांगून टाकलं. इथेच चुकलं.

"थांबा, थांबा. तिथं तं माह्या साळ्याची पोरगी देल्ली हाय. नदीच्या अंगाले घर, दारात मोठी चिच."

"अगंबाई, ते आमच्या मागचंच घर!"

"तिचा नवरा दारू सोडली म्हने?"

"सोडली होती," मॅडम जरा थांबून म्हणाल्या.

"दिवाळीपावतर सोडली व्हती का पोळ्यापावतर?"

त्या दिवशी वर्गात जोडलेली बाकीची आठ पोरं वह्या मिटून ऐकत होती. कुठल्या तरी घरातून एक आई मध्येच बोलली, "नाई हो आबाजी, दारू पेत होता तो थोरला. हा धाकटा." मग थोरला कुठला, धाकटा कुठला, बायको कोणाची, वावर कोणाच्या नावावर, यात पंधरा मिनिटं गेली. मी वर हात करून उभा. गाईने काय दिलं ते राहूनच गेलं. शेवटी आबाजी उठून अगदी मोबाइलखाली आले आणि मान वर करून मोठ्याने म्हणाले, "बाई, तुमी सरकारच्या ना? मंग आमच्या सोयाबीनच्या इम्याचं वरतं इचारा न. पैसे भरून घेतले, आता फोन उचलत नाई कोनी."

त्यावर कोणी हसलं नाही. मॅडमही नाही. रेंज गेली की त्यांनीच बंद केलं, कळलं नाही. रात्री ग्रुपवर संदेश आला: वर्ग चालू असताना पालकांनी घरगुती गप्पा टाळाव्यात. खाली माझ्या पोरीचं नाव. माझं तोंड अख्ख्या वर्गात उघडलं नव्हतं.

मला राग मॅडमचा नाही. त्या पन्नास किलोमीटरवरून मोटारसायकलवर येतात. राग त्या जिन्याचा आहे. १५ जून २०२० ला सरकारने शाळा उघडायच्या पायऱ्या कागदावर आखल्या: नववी, दहावी, बारावी जुलैत, सहावी ते आठवी ऑगस्टात, तिसरी ते पाचवी सप्टेंबरात. प्रत्यक्षात मोठी पोरं गेली २३ नोव्हेंबरला, पाचवी ते आठवी २०२१ च्या २७ जानेवारीला. फेब्रुवारीत अमरावती-यवतमाळकडे पुन्हा कुलूप लागलं. ऑक्टोबरात पुन्हा पाचवीपासून वर. शेवटच्या पायरीवर माझी पोरगी बसलेली होती, ती दीड वर्ष बसूनच. या दीड वर्षात शाळेची इमारत रिकामी होती असंही नाही. आधी पुण्या-सुरतेहून आलेल्यांना तिथे वेगळं ठेवलं. मग १५ जानेवारीला ग्रामपंचायतीचं मतदान तिथेच झालं. सगळं गाव त्याच फाटकातून आत गेलं, बाहेर आलं, गुलाल उधळला. गुलालाला विषाणू घाबरतो वाटतं.

पोरगी दुसरीत असताना घरी आली, परत गेली ती चौथीत. मधली तिसरी उकिरड्यावर झाली. परवा सकाळी तिची वही पाहिली. ५२ वजा २७. तिने लिहिलं होतं ३५. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. लहान आकडा मोठ्यातून काढायचा, मग तो वर असो की खाली. हातचा घ्यायचा असतो हे तिला कोणी सांगितलंच नाही. सांगितलं असेल तर नेमकी तेव्हा रेंज नसेल. या पानाचा फोटो मी ग्रुपवर टाकला होता, आणि तिकडून उभा अंगठा आला होता. चाळीस वह्यांचे फोटो त्या एवढ्याशा पडद्यावर कोण वाचणार? पण मी तरी कुठे पाहिलं? मी वर हात करून उभा होतो.

तर परवा फाटकावर. मी ओला कागद झटकत उभा, पोरगी रडकुंडीला, आणि मॅडम मला विचारतात, "ते आबाजी कसे आहेत हो?" माझी चौकशी नाही. खांद्याची तर नाहीच.

आबाजी मागेच होते. धुतलेलं धोतर, तोंडाला दुपट्टा, मॅडमला पाहायला आलेले. त्यांच्या कपाळावर बंदूक धरली तर नेमका ३६. त्यांना खुर्ची मिळाली. मॅडमनी त्यांच्या साळ्याच्या पोरीची ताजी बातमी सांगितली. धाकट्यानेही सुरू केली म्हणे.

मग शिपाईभाऊंना कपाटात एक कोरा छापील फॉर्म सापडला. माझ्यासाठी शोधला नव्हता तो. मी पेन काढलं. "तुमचं नका करू, तुमची शाई पसरते," म्हणून त्यांनी शिक्क्याचं पॅड आबाजींपुढे सरकवलं. आबाजींनी अंगठा लावला. वरून सॅनिटायझर मारून पाहिलं. जांभळा ठसा जागचा हलला नाही.

"पाल्याशी नातं?" शिपाईभाऊंनी विचारलं.

"लिहा, उकंडा एक हाय."

त्यांनी 'आजोबा' लिहिलं. पोरगी उड्या मारत वर्गात गेली. मी घरी येऊन वेचणीला गेलो. आज दुपारी शाळेतून पालकसभेचा निरोप घेऊन पोरगं आलं, आमच्या दारावरून सरळ पुढे, आबाजींकडे.