हात दुखतो म्हणून स्ट्रेट की सोडायची का?

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रविवारी वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्यातली एक गोष्ट मनाला लागली होती आणि त्या भरात लिहायचं नव्हतं. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. हौशी रेडिओसाठी मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची सांकेतिक लिपी, शिकायचं असेल तर पहिली की (संदेश पाठवायची कळ) स्ट्रेटच, म्हणजे वर-खाली दाबायची साधी, घ्या आणि जमलं तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातून पितळेची करून घ्या, असं मी लिहिलं होतं. ते वाचून तुम्ही इचलकरंजीत भाच्याला स्ट्रेट की आणून दिली. तीन आठवड्यांत पोराचं मनगट धरलं आणि त्यानं मोर्सच बंद केलं. सगळे पॅडलवर (आडव्या दाबायच्या पट्टीच्या कीवर) गेलेत, मग पोरांना अजून तारखात्यात का बसवता, असं तुम्ही विचारलंत. पितळ कापत बसण्यापेक्षा तयार की घरपोच येते, असंही म्हणालात. आणि पॅडलला मी ‘मशीनच्या कुबड्या’ म्हटलं, ते शोभत नाही.

शेवटचं आधी घेतो. तो शब्द मागे घेतला आणि मूळ लेखातूनही काढला. हात थरथरणारे, एखादंच बोट चालणारे, म्हातारपणी सांधे आखडलेले किती तरी जण पॅडल आणि कीयरमुळे (पॅडल दाबलं की टिंब-रेघा आपोआप पाडणाऱ्या यंत्रामुळे) आजही रेडिओवर आहेत. चाळीस मीटरच्या रेडिओ पट्ट्यावर त्यांच्याशी मी स्वतः बोललोय. त्यांच्या साधनाला मी तो शब्द लावायला नको होता. तुम्ही टोकलंत ते बरं केलंत.

आता मनगटाचं. इथे तुमच्या बाजूचा पुरावा मीच देतो. मोर्सची पहिली प्रसिद्ध तार वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला 24 मे 1844 ला गेली. त्यानंतर तारमास्तरांच्या काही पिढ्या दिवसभर वर-खाली, वर-खाली हात चालवत राहिल्या आणि त्यांचे हात कामातून जायला लागले. अमेरिकेत या दुखण्याला ‘ग्लास आर्म’ म्हणायचे, म्हणजे काचेचा हात. ब्रिटनमध्ये 1908 मध्ये ते नुकसानभरपाई मिळणाऱ्या धंद्याच्या आजारांत धरलं गेलं. याच काळात, 1904 मध्ये, होरेस मार्टिन यांनी ‘बग’ प्रकारच्या कीचं पेटंट घेतलं. तीच पुढे व्हायब्रोप्लेक्स नावानं प्रसिद्ध झाली. त्या कीत हात वर-खाली न जाता आडवा हलतो. एका बाजूला दाबलं की लोलक थरथरून टिंबं आपोआप पडतात, रेघा मात्र हातानं माराव्या लागतात. आजचं पॅडल याच घराण्यातलं. म्हणजे आडवी हालचाल मनगटाला सोपी जाते हा तुमचा मुद्दा शंभरावर वर्षांचा आहे आणि खरा आहे.

पण ते लोक पूर्ण पाळी की दाबत होते. तुमचा भाचा किती वेळ बसायचा? अर्धा तास, फार तर तास. एवढ्यात तीन आठवड्यांत हात धरला असेल तर माझा संशय की कशी लावलीय आणि तो कसा बसतो यावर आहे. आणि तिथे चूक माझी. कोणती की घ्यायची यावर मी दोन पानं लिहिली, पण ती लावायची कशी, यावर एक ओळही नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत कीची मूठ टेबलापासून बरीच उंच दिसते. ती युरोपीय धाटणीची की आहे. अशा कीवर हात टेबलावर टेकवायचा नसतो. कोपरापासून पुढचा हात मोकळा धरून सगळा मिळून हलवायचा असतो. अमेरिकन धाटणीच्या कीची मूठ बुटकी असते. तिथे उलट: कोपर आणि पुढचा हात टेबलावर निवांत पडलेला, आणि हलतं ते फक्त मनगट. उंच मुठीची की घेऊन मनगट टेबलावर टेकवलं तर पंजा कायम वर मुरगळलेला राहतो. तसं अर्धा तास बसून बघा, तुमचंही दुखेल. भाचा नेमका असाच बसत होता का, तेवढं विचारा.

दुसरी गोष्ट स्प्रिंग. माझ्या हातात आलेल्या बहुतेक नव्या की कडक स्प्रिंगच्याच होत्या. आधी स्प्रिंगच्या स्क्रूचा चेकनट (स्क्रू जागेवर धरणारा नट) सैल करा आणि स्प्रिंग इतकी ढिली करा की मूठ नुसत्या बोटाच्या वजनानं खाली जाईल. मग अर्धा-अर्धा फेरा आवळत या. बोट उचललं की कीनं लगेच वर यायला हवं, बास. त्यापुढचा प्रत्येक फेरा मनगटाच्या खात्यावर जमा होतो. नंतर मागचा स्क्रू, त्यानं पॉइंटमधली, म्हणजे की दाबल्यावर टेकणाऱ्या दोन टोकांमधली, फट ठरते. फिलर गेज (फट मोजायची पट्टी) लागत नाही. पोस्टकार्ड सरकेल एवढी फट नवख्याला पुरते, हात बसला की कमी करत न्यायची. फट फार ठेवली तर पोरगं की ठोकायला लागतं, आणि फार कमी ठेवली तर टिंबं एकमेकांना चिकटतात. शेवटी चेकनट आवळताना स्क्रू हातानं धरून ठेवा, नाहीतर सगळं पुन्हा हलतं. तर्जनी आणि मधलं बोट मुठीवर, अंगठा बाजूला, पकड पेन धरण्याइतकीच. खाली दाबायचं काम हाताच्या वजनाचं, वर आणायचं काम स्प्रिंगचं.

आणि दुखत असेल तर आठवडाभर पूर्ण बंद. मोर्स शिकताना दुखणं सोसण्यात काही मर्दुमकी नाही. 2003 च्या जागतिक रेडिओ परिषदेनंतर लघुलहरींवर यायला मोर्स सक्तीचं ठेवायचं की नाही, हे ज्या त्या देशावर सोपवलं गेलं आणि बऱ्याच देशांनी ती अट काढून टाकली. म्हणजे आज जो पोरगा शिकतो तो बहुतेक आवडीनं शिकतो. असा एक पोरगा माझ्या अर्धवट लेखामुळे बाजूला झाला, याचं मला खरोखर वाईट वाटतंय. मनाला लागलं म्हणालो ते हेच.

एवढं मान्य करूनही पहिली की स्ट्रेट असावी या मतावर मी कायम आहे. का, ते नीट सांगू द्या.

आपण शाळेत वृत्तं शिकलो. लघू एक मात्रा, गुरू दोन. मोर्समध्ये रेघ टिंबाच्या तिप्पट. अक्षराच्या आतली फट एका टिंबाएवढी, दोन अक्षरांमधली तिनाएवढी, दोन शब्दांमधली साताएवढी. मी परीक्षा दिली तेव्हा हौशी रेडिओ परवान्याच्या जनरल ग्रेडला मिनिटाला 8 शब्दांचा वेग लागायचा. त्या वेगाला टिंब दीडशे मिलिसेकंदांचं आणि रेघ साडेचारशेची. वीस शब्दांना टिंब साठ मिलिसेकंदांवर येतं. कीयर यातलं काय सांभाळतो? टिंब, रेघ आणि अक्षराच्या आतली फट. तेवढंच. अक्षरांमधली आणि शब्दांमधली शांतता साध्या कीयरवर माणसाच्याच हातात राहते. आणि ऐकणाऱ्याला अर्थ लागतो तो या शांततेवरून. टिंबाला ‘डि’ किंवा ‘डिट’ आणि रेघेला ‘डा’ म्हटलं तर ‘डिडा, डाडिट’ म्हणजे ए आणि एन. मधली फट खाल्ली की होतो ‘डिडाडाडिट’, म्हणजे पी. टी आणि एच चिकटले की 6 होतो. थेट पॅडलवर बसलेल्या किती तरी नवख्यांना मी ऐकलंय: टिंब-रेघा यंत्रासारख्या सुबक, आणि शब्द मात्र एक लांब साखळी. त्यांना चूक कळत नाही, कारण कानाला सगळं स्वच्छ लागतं. स्ट्रेट कीवर स्वच्छ काहीच मिळत नाही. वेडावाकडं निघालं तर लगेच ऐकू येतं, आणि दुरुस्त करायला कानाशिवाय दुसरा आधार नसतो.

मला हे एका निवृत्त तारमास्तरांनी शिकवलं. शाहूपुरीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मला बाहेरच्या खोलीत की आणि ऑसिलेटर (की दाबली की आवाज देणारं यंत्र) देऊन बसवायचे आणि स्वतः आत जाऊन चहा ठेवायचे. पहिले पंधरा दिवस फक्त ई, आय, एस, एच आणि 5. एक टिंब, दोन, तीन, चार, पाच. मग टी, एम, ओ. हाताकडे त्यांनी कधी बघितलं नाही. आतून आवाज यायचा, “चौथं लांबलं रे.” मी पुन्हा मारायचो. “आता चारही बरोबर, पण पुढच्याला घाई केलीस.” स्टोव्ह सुरू असताना भिंतीपलीकडून त्यांना दोन टिंबांमधला फरक ऐकू यायचा. मी एकदा चुकत-चुकत माझं नाव मारलं तर बाहेर येऊन म्हणाले, अक्षरं मोजू नकोस, कडकट्ट ऐक. देशातली तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, ते मास्तर त्याच्या आधीच गेले. पण आजही मी दोन अक्षरांमध्ये थांबतो तेव्हा मला त्या खोलीतली ती शांतता आठवते.

तरीही सल्ल्यात एक दुरुस्ती करतो. स्ट्रेट की कायमची म्हणत नाही, दोन-तीन महिने, मिनिटाला दहा-बारा शब्द नीट जाईपर्यंत. त्यापुढे पॅडलवर जायला माझी काहीच हरकत नाही, मी स्वतः गेलो. आणि ज्याला मनगटाचा जुना त्रास आहे त्यानं पहिल्या दिवसापासून पॅडल घ्यावं. फक्त रोज पाच मिनिटं ऑसिलेटरवरचं आपलंच पाठवणं रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी कागदावर उतरवावं. काल काय पाठवलं ते स्वतःलाच लागलं नाही, तर दुसऱ्याला कसं लागणार? पॅडल घेणार असाल तर माझ्या मते आधी एका पट्टीचं घ्या. दोन पट्ट्यांचं पॅडल दोन्हीकडून दाबून धरलं की टिंब-रेघ आलटून-पालटून येतात, सी हे अक्षर फार सुंदर जातं, पण कधी सोडायचं हे हातात मुरायला वेळ लागतो. त्यात ए आणि बी अशा दोन रीती आहेत. बीमध्ये सोडल्यावरही एक उलटं चिन्ह पुढे जातं. एक रीत धरा आणि तीच ठेवा.

पितळेबद्दल. तयार की मिळते हे खरं. थ्रीडी प्रिंटवर केलेलीही वाईट नसते, फक्त हलकी असते, टेबलभर पळते. ती जड बैठकीवर स्क्रूनं बसवली की काम झालं. मी उद्यमनगर सुचवलं ते जुन्याच्या प्रेमापोटी नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली लेथ आहे आणि फौंड्रीत ओतीव लोखंडाचा तुकडा भंगाराच्या भावात मिळतो. माझ्या कीची बैठक तशाच तुकड्याची आहे, खाली रबर, आणि जोरात दाबलं तरी केसभर सरकत नाही. पितळी दांडा टर्नरनं एका दुपारी करून दिला. पॉइंटसाठी गुजरीतून चांदीच्या तारेचे दोन तुकडे आणले, मापाला कापून झाळले. त्या पोराला हे करताना पिव्हट म्हणजे काय, खेळ म्हणजे काय, डगडग कुठून येते, हे हातानं कळतं. की बिघडली तर त्याला कुणाकडे जावं लागत नाही. तरी हे आवड असेल तरच. आवड नसताना लेथवर पाठवू नका.

चांदी काळी पडते, त्याला घाबरू नका. स्कूटरच्या सीबी पॉइंटला मारतो तसा पॉलिश पेपर मात्र मारायचा नाही, चांदी निघून जाते. साध्या कोऱ्या कागदाची पट्टी पॉइंटमध्ये धरा, मूठ हलकी दाबा, पट्टी ओढून काढा. कागदावर काळी रेघ उमटते. दोन-तीनदा केलं की पुरे. टिंब मध्येच तुटत असेल, एकाची दोन होत असतील, तर निम्म्या वेळा कारण एवढंच असतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. ब्रेक-इन (की दाबताच प्रक्षेपण सुरू करणारी सोय) बंद ठेवून भाच्याची की तुमच्या रिगला, म्हणजे रेडिओ संचाला, लावली तर कुणी हात न लावता रेघा सुरू झाल्या, म्हणून की खराब निघाली असं तुम्ही धरलंत. की ठीक आहे. स्ट्रेट कीला बहुतेक मोनो प्लग असतो आणि रिगचा जॅक स्टिरिओ. पॅडलसाठी त्यात टोकाला टिंब, मधल्या कड्याला रेघ आणि मागे अर्थ (अर्थिंग) असतो. मोनो प्लग आत गेला की मधलं कडं थेट अर्थला टेकतं, आणि रिगला वाटतं कुणीतरी रेघेची पट्टी दाबून धरलीय. मेनूत कीचा प्रकार पॅडलवरून स्ट्रेटवर आणा, रेघा थांबतील. तेवढं करून, स्प्रिंग ढिली करून, भाच्याला पुढच्या रविवारी सकाळी माझ्याकडे घेऊन या. उंच मुठीची की आणि माझी बुटकी, दोन्ही टेबलावर ठेवतो. त्याचा हात कुठे बसतो ते बघू.