थेट हृदयात? वाटेत कान लागतो

"संगीताला भाषा लागत नाही, ते थेट हृदयाशी बोलतं." दर २१ जूनला, म्हणजे जागतिक संगीत दिनाला, हे वाक्य फोनवर हमखास येतं. सोबत पुरावे ठरलेले: सतारीवर भाळलेलं न्यूयॉर्क, 'कुणाच्याही कानाला गोडच लागणारे' सूर आणि अवकाशात गेलेला गायिका केसरबाईंचा आवाज.

न्यूयॉर्कपासून सुरुवात करू. १ ऑगस्ट १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बांगलादेशी निर्वासितांसाठीचा कार्यक्रम. मंचावर रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखाँ. वाद्यं सुरात लावून झाली, कलाकार थांबले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला! नुसतं लावणं एवढं आवडलं तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे, असं रविशंकर मिश्कीलपणे म्हणाले. गाणं अजून सुरूच झालेलं नाही, हेच त्या गर्दीला उमगलं नव्हतं. आवडलं नसेल असं मी म्हणत नाही. पण आवडणं आणि कळणं यांना एकाच पाटावर कशाला बसवायचं? आपलंही वेगळं नसतं. संथ लयीच्या विलंबित ख्यालात समेवर, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, शेजारच्या काकांची मान हलते, हात मांडीवर पडतो. पहिली काही वर्षं मी काकांकडे बघूनच 'वा' म्हणायचो.

आता 'गोडच' सुरांचं. काही स्वर एकत्र वाजले की गोड, काही कर्कश, हे निसर्गानेच ठरवलंय अशी पाश्चात्त्य संगीतात जुनी समजूत. बोलिव्हियाच्या जंगलातल्या त्सिमाने लोकांना संशोधकांनी दोन्ही ऐकवले. २०१६ साली निष्कर्ष छापून आला: त्यांना दोन्ही सारखेच आवडले. माणसाचं हसणं आणि दचकून ओढलेला श्वास यांतला फरक मात्र त्यांनाही इतरांसारखाच जाणवला. म्हणजे कान शाबूत होते, सवय निराळी होती. पाश्चात्त्य संगीतात कोमल, म्हणजे थोडा उतरलेला, गंधार असलेल्या स्वरपंक्तीला उदास म्हणायची रीत. आपला मालकंस राग कोमल गंधार, धैवत, निषाद घेऊनही रडका नाही. आणि वारकऱ्याची अंत्ययात्रा टाळ-मृदंगात निघते, ती नुसती ऐकणाऱ्या परक्याला दिंडीच वाटेल.

या दाव्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. ८६ समाजांमधल्या गाण्यांचे छोटे तुकडे ६० देशांतल्या श्रोत्यांना ऐकवून २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अंगाई आणि नाचाचं गाणं लोकांनी बऱ्यापैकी ओळखलं. फसले कुठे? प्रेमगीतावर. हृदयाचा खास प्रांत, आणि नेमका तिथेच घोटाळा!

राहिल्या केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरीच्या या गायिकेची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या तबकडीतून गेली, याचा मलाही अभिमान आहे. पण ती तिकडे अजून कुणी ऐकलेलीच नाही, मग पुरावा कसला? शिवाय पाठवणाऱ्यांनी तबकडीच्या वेष्टनावर सुई कुठे ठेवायची, तबकडी किती वेगाने फिरवायची, हे सगळं चित्रं काढून समजावलंय. भैरवी लागली म्हणजे मैफल आटोपली, उठायची वेळ झाली, हे तेवढं त्यात कुठे नाही.