कॅमोमाइलचा चहा खुशाल प्या, पण झोपेची गोळी त्याच्या भरवशावर सोडू नका

'रात्री एक कप कॅमोमाइल, झोपेच्या गोळ्यांना कायमचा रामराम!' या मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. खाली कॅमोमाइलच्या पिवळ्या-पांढऱ्या फुलांचा फोटो आणि ती सुकवून केलेल्या चहाबद्दलच्या दाव्यांची यादी. गोळी आजच बंद करा, झोप लगेच येते, शंभर टक्के नैसर्गिक म्हणून अपाय शून्य, रक्त पातळ करतो, तान्ह्या बाळालाही चालतो, मधुमेह आणि कॅन्सरवरही गुणकारी.

माझ्या मावशीने हा मेसेज वाचला आणि कित्येक वर्षं चालू असलेली गोळी एका रात्रीत बंद केली. डॉक्टरांना विचारलं नाही, घरात कुणाला सांगितलं नाही. दोन-तीन दिवसांत तिचे हात थरथरायला लागले, छातीत धडधड सुरू झाली आणि होती नव्हती ती झोपही उडाली. वर ती स्वतःलाच दोष देत बसली, की चहा नीट उकळला नसेल.

मला हा चहा मनापासून आवडतो. संध्याकाळी कामं आवरल्यावर तो सफरचंदासारखा मंद वास आला की बरं वाटतं. म्हणूनच त्याच्या नावावर काहीही खपवलेलं बघून जास्त चीड येते.

सगळ्यात घातक दावा पहिलाच: 'गोळी आजच फेकून द्या.'

झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्या बेन्झोडायझेपिन गटातल्या किंवा त्यांच्यासारखंच काम करणाऱ्या असतात. मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन असतं, त्याचा परिणाम या गोळ्या वाढवतात. महिनोन्‌महिने गोळी चालू राहिली की मेंदू त्या मदतीची सवय करून घेतो. ती अचानक काढून घेतली, तर आधीपेक्षा वाईट निद्रानाश, घबराट, कापरं भरणं, घाम सुटणं असे त्रास होतात. क्वचित फिट येते, आणि तेव्हा जिवावर बेतू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2020 मध्ये बेन्झोडायझेपिन गटातल्या सगळ्या औषधांवर याबद्दलचा चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक, इशारा छापायला लावला. गोळी सुटूच शकत नाही असं मी म्हणत नाही. सुटते, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, डोस हळूहळू उतरवत, कित्येक आठवडे घेऊन. कुणी या मेसेजवर विसंबून गोळी बंद केली असेल आणि त्रास होत असेल, तर चहाचे कप न वाढवता आजच डॉक्टरांना फोन करा.

आता 'झोप लगेच येते, विज्ञानाने सिद्ध' हा दावा. यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. कॅमोमाइलमध्ये एपिजेनिन नावाचं द्रव्य असतं. ते मेंदूतल्या बेन्झोडायझेपिनच्या जागेलाच जाऊन चिकटतं, असं 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, आणि उंदरांवर त्याचा शांतवणारा परिणामही आढळला. मेसेज लिहिणाऱ्याने कुठेतरी एवढंच वाचलं आणि पुढचं सगळं रचलं.

माणसांवर काय दिसलं, हे पाहायचं तर 2011 ची अमेरिकेतली चाचणी बघा. दीर्घकाळ निद्रानाश असलेले 34 जण घेतले. निम्म्यांना कॅमोमाइलचा अर्क, 270 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, असं 28 दिवस चाललं. एकूण झोप किती, झोप लागायला वेळ किती, मध्ये जाग किती, यातल्या कशातही दोन गटांत ठोस फरक आढळला नाही. दिवसा थोडं बरं वाटण्याकडे किंचित कल होता, बस. चाचणी लहान होती, हे खरं. पण मोजून दिलेल्या अर्काने खऱ्या निद्रानाशात जे साधलं नाही, ते एका कपाने एका रात्रीत साधेल हा दावा कशाच्या जोरावर? नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांवर तैवानमध्ये एक अभ्यास झाला. त्यात दोन आठवडे हा चहा प्यायल्यावर झोपेच्या तक्रारी थोड्या कमी झाल्या, पण चहा थांबल्यावर पुढच्या तपासणीत तो फरक टिकलेला नव्हता.

मग अनेकांना बरं का वाटतं? या चहात कॅफीन नसतं. संध्याकाळी घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफीन साधारण पाच तासांनीही अंगात असतं. ती कॉफी सोडून कुणी कॅमोमाइल घ्यायला लागलं, तर झोप सुधारेलच. शिवाय हातात गरम कप, मोबाइल बाजूला, रोजची ठरलेली वेळ. हा फायदा खरा आहे आणि मला तो पुरेसा वाटतो. ज्यांची झोप महिनोन्‌महिने बिघडली आहे त्यांच्यासाठी मात्र अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये पहिला उपाय म्हणून निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धती, म्हणजे झोपेबद्दलच्या सवयी आणि विचार बदलायला शिकवणारे उपचार, सुचवली. चहा नाही आणि गोळीही नाही.

'नैसर्गिक, म्हणून अपाय शून्य' हे वाक्य तर मला ऐकवतही नाही. कॅमोमाइल शेवंती, झेंडू, गाजरगवत यांच्याच कुळातलं. त्यांची ॲलर्जी असलेल्या माणसाला याचाही त्रास होऊ शकतो, क्वचित गंभीर. आणि त्याच मेसेजमध्ये 'रक्त पातळ करतो' हा गुण म्हणून सांगितलाय! वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या एका सत्तर वर्षांच्या बाईंची नोंद कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात 2006 मध्ये छापून आली. सर्दी-खोकल्यासाठी त्या हा चहा रोज अनेक कप पीत होत्या, कॅमोमाइलचं लोशनही लावत होत्या. त्यांच्या शरीरात आतल्या आत रक्तस्राव झाला. एका रुग्णाच्या नोंदीवरून सगळ्यांना घाबरवायचं नाही, पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अवयव प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांनीही विचारावं.

मधुमेह आणि कॅन्सरबद्दल फार लिहीत नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत पेशींवर काहीतरी दिसणं आणि माणूस बरा होणं यांत प्रचंड अंतर आहे. या दाव्यापायी कुणी उपचार लांबवू नयेत.

बाळाचा मुद्दा मात्र सोडवत नाही. 'दोन चमचे, मध घालून.' एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच द्यायचा नसतो. त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि त्या वयात आतड्यांना ते रोखता येत नाहीत. शिवाय पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच नको, पाणीसुद्धा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेसेजमधली ही एक ओळ जरी कुणाच्या घरात अमलात आली, तरी ते भयंकर आहे.

राहिली कृती. 'वीस मिनिटं खळखळ उकळा' असं लिहिलंय, तेही चूक. वासाचं तेल वाफेबरोबर उडून जातं. उकळतं पाणी सुक्या फुलांवर ओता, वर झाकण ठेवा, पाच ते दहा मिनिटांनी गाळा. आणि अगदी अंथरुणाला पाठ टेकताना पिऊ नका. तास-दीड तास आधी घ्या, नाहीतर मध्यरात्री लघवीला उठावं लागतं. वयस्कर माणसांनी तर हे पाळाच.